रीमासच्या टॅबवरचा बुधवार

रविवार, ३ नोव्हेंबर

टॅब आला. एकच, तोही रीमाससाठी. सोबत बोटाएवढा माईक. मी बोलायचं आणि तिच्या बाकावर अक्षरं उमटायची. रीमासला जन्मापासून ऐकू येत नाही. चौथीत आली, तरी माझ्या ओठांकडे बघूनच शिकते. मी फळ्याकडे वळले की तिचा धडा बंद.

हेडबाई सित्त इन्साफ म्हणाल्या, "अठराला इन्स्पेक्टरबाई येतायत. मुलगी वर्गाबरोबर चालतेय असं दिसलं तर राहील. नाहीतर अम्मानची बहिऱ्यांची शाळा. आणि तिचा बाप काही तिला वसतीला ठेवायचा नाही. घरी बसेल, भावाची पोरं सांभाळत." टॅबमध्ये रोजचं बोलणं तारखेनिशी साठून राहतं. इन्स्पेक्टरबाई तेच वाचणार.

मी म्हटलं, बरं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

यंत्राला आमची बोली येत नाही! फक्त पुस्तकी अरबी येते. काल मी नेहमीसारखी बोलत होते – बसा गं, वह्या काढा, तू काय चघळतेयस – आणि टॅबवर नुसता कचरा. रीमासनं तो मला दाखवला आणि खांदे उडवले.

म्हणून आज तासभर पुस्तकी बोलले. "मुलींनो, कृपया आपापली पुस्तके उघडावीत." वर्ग फिदीफिदी हसला. सीरियातल्या दराआहून आलेली लुजैन उभी राहिली, हात जोडून म्हणाली, "मिस, आता हवामानाचा अंदाजपण सांगा ना."

रीमास हसली नाही. वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं. मी पाठमोरी असतानाही!

माईक हिजाबखाली गळ्याशी पिनेनं लावते. पहिल्या दिवशी टोचला. आता जाणवतही नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पुस्तकी भाषेची जिभेला सवय लागलीय. बरं वाटतं. खरं तर बरं नाही, काहीच वाटत नाही, आणि तेच बरं. त्या भाषेत कुणी कुणाला शिव्या देत नाही, कुणी घरात रडत नाही. सगळं बातम्यांसारखं दूर कुठंतरी घडतं.

घरी सासूबाई अंगणात बसून दगडानं ऑलिव्ह फोडत होत्या. मी म्हटलं, "मीठ किती घालावे?" त्यांनी दगड खाली ठेवला.

"घालावे? अगं, शाळेतली पीडा शाळेत ठेवून ये. मीठ माझ्या अंदाजानं पडतं."

मग बराच वेळ ऑलिव्ह फोडत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "मुअतसिमचा फोन आला होता." मी विचारलं नाही काय म्हणाला. त्यानं, माझ्या नवऱ्यानं, उन्हाळ्यात कुवेतमध्ये दुसरी बायको केली, ते यांना माझ्याआधी माहीत होतं. गल्लीतल्या भाजीवाल्यालासुद्धा.

रविवार, १० नोव्हेंबर

रीमासनं हात वर केला. चार वर्षांत पहिल्यांदा. उत्तर फळ्यावर लिहिलं. बरोबर होतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तिसऱ्या तासाला फोन थरथरायला लागला. मुअतसिम. तो कधी शाळेच्या वेळात फोन करत नाही, म्हणून वाटलं कुणी गेलं की काय. मुलींना नकाशा रंगवायला दिला आणि दाराबाहेर गेले.

कुणी गेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येतोय. थंडीपुरतं. वरची खोली रिकामी करून ठेव. तुझं सामान खाली अम्मीजवळ हलव, अम्मीलाही सोबत होईल.

वरची खोली. लग्नात माझ्या बापानं दिलेलं कपाट तिथं आहे. पश्चिमेची खिडकी आहे. तिथंच मी वह्या तपासते.

नुकतीच धड्यातून उठून आले होते, जीभ त्याच रुळावर. म्हटलं, "मला समजले. मी खोली रिकामी करून ठेवीन. माझी काहीही तक्रार नाही."

"हे काय चाललंय? नीट बोल ना माणसासारखं."

"मी नीटच बोलत आहे. मला राग आलेला नाही. मला काहीच होत नाही. दिवसभर मी बोलते, पण माझे ऐकणारे कोणी नाही. तेव्हा तुम्हाला योग्य वाटेल ते करावे."

त्यानं फोन ठेवला. मी आत गेले. लुजैननं समुद्र हिरवा रंगवला होता. नद्या शिकवल्या.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी टेबलावर एक संत्रं. सोललेलं, फोडी वेगळ्या केलेल्या, वहीच्या कागदात बांधलेलं. रीमास माझ्याकडे बघत होती, मग खिडकीकडे बघायला लागली. आज ओठांकडे बघितलं नाही, डोळ्यांकडे बघितलं. अवघडल्यासारखं झालं.

संत्रं खाल्लं. गोड असावं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "आत्ताच कशाला? अजून महिना आहे." मग म्हणाल्या, "मी त्याला नको म्हणून सांगितलं होतं, पोरी." आणि जिना उतरून गेल्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर

इन्स्पेक्टरबाई आल्या. करक गावाकडच्या, उंच, शिस्तीच्या. सित्त इन्साफनी मरमिय्याच्या पानांचा चहा केला. बाईंनी त्याला तोंडही लावलं नाही.

सरळ रीमासच्या बाकाशी गेल्या. "बघू काय काय वाचलंस." तिनं टॅब दिला.

रिकामा. एक अक्षर नाही. सगळे तास, सगळ्या तारखा गेलेल्या.

"हे काय? वापरलाच नाहीत की काय?"

रीमासनं मान खाली घातली. बाईंनी स्वतः प्रश्न विचारला, आपल्या गावच्या बोलीत, हिजाब तोंडावर ओढल्यासारखं पुटपुटत. माईक माझ्या गळ्याशी होता, त्यांच्या नाही. रीमास त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिला येत होतं ते उत्तर! मी सांगू शकत होते – बाई, माईक घ्या, पुस्तकी बोला. तोंड उघडलंच नाही. मी खांबासारखी उभी. आत कुठंतरी दार लावून घेतलेलं असतं तसं.

वर्गातून जाता जाता बाई म्हणाल्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलीला उगाच ताटकळत ठेवू नका."

लुजैन मागून म्हणाली, "मिस, तुम्ही काहीच का नाही बोललात?" बोलीत विचारलं. मी फळा पुसायला घेतला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

रीमासचा बाक रिकामा. तिच्या बापानं काल संध्याकाळीच दप्तर नेलं. टॅब सित्त इन्साफच्या कपाटात कुलपात.

बुधवार, २० नोव्हेंबर

पाय आपोआप तिच्या घराकडे वळले. तिची आई उम्म कासिम दारातच म्हणाली, "या मिस. तुमचाच राग करायचा की नाही, तेच ठरत नव्हतं. बसा." जअतरचा मसाला लावलेली रोटी पुढे केली. भावाचं पोर कडेवर घेऊन रीमास आत आली.

टॅब तिच्याशिवाय कुणाच्या हाती नसायचा. मी विचारलं, का पुसलंस? हातवारे केले, मग आईच्या फोनवर लिहिलं. तिनं पोर आईकडे दिलं आणि बराच वेळ टाइप करत बसली. पुस्तकी अरबीत, माझ्याकडून शिकलेल्या.

"बुधवारी तुम्ही दाराबाहेर बोललात. माईक सुरू होता. ते धड्यातले नव्हते. परक्या बाईंनी वाचू नये असे मला वाटले. एकच दिवस पुसता येईना, म्हणून सगळे पुसले."

मी गळ्याशी हात नेला. माईक नव्हता, तरी पिनेची जागा सापडली.

तिनं फोन परत घेतला, अजून एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे धरला.

"ऐकणारे कोणी नाही असे तुम्ही म्हणालात. मी होते."

उम्म कासिमनं विचारलं, "काय लिहितेय ही?" मला वाचून दाखवता येईना.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभी राहिले. सगळ्या बाया होत्या. सांगितलं – टॅबवर काय होतं, कुणाचा फोन होता, मुलीनं कुणासाठी पुसलं. पुस्तकी नाही, आमच्या बोलीत, शब्द अडखळत, नाक पुसत. शेजारच्या वर्गाच्या फेरियालनं चहाचा कप खाली ठेवला.

सित्त इन्साफनी फोन उचलला. इन्स्पेक्टरबाईंना म्हणाल्या, "रविवारी पुन्हा यावं लागेल. नाही, कारण फोनवर नाही सांगणार. आणि या वेळी माईक तुम्ही लावायचा, पुस्तकी बोलायचं."

रविवार, २४ नोव्हेंबर

पाच प्रश्न. पाचही बरोबर. रीमास राहिली.

घरी येऊन कपाटाचे दोन कप्पे पुन्हा भरले. मग मुअतसिमला फोन लावला आणि साध्या भाषेत सांगितलं, खोली मिळणार नाही. सासूबाई जिन्यात होत्या. म्हणाल्या, "रडतेयस का गं?"

हो म्हटलं.