पूजेची एक, जाळायची एक

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं आणि आज पहिल्यांदा पत्र लिहितेय. तेही भांडायला! वर्षश्राद्धाला जो तो तुमच्याबद्दल गोड गोड बोलत होता, तेव्हा मी गप्प बसले. आज मला राहवत नाही.

मी दवाखान्यातल्या बाकावर बसलेय. कागद सिस्टरकडून मागून घेतलाय. समोरच्या खोलीत आई आहे. दुपारच्या राउंडला डॉक्टर येतील आणि तिला एकच गोष्ट विचारतील. मशीन लावायचं, की पाय काढायचा? आणि आई म्हणतेय, काढा पाय.

हो, बरोबर वाचलंत. तुमची बायको तुम्ही बनवलेलं मशीन लावून घ्यायला तयार नाही.

तुम्ही गेल्यावर आईची साखर कुणाचं ऐकेनाशी झाली. तळपायाला काहीतरी रुतलं, पायाला बधिरपणा, त्यामुळे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय सुजून लाल झाला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी दोन बोटं काढली. जखम पार तळव्यापर्यंत उघडी आहे. ही भरली तर पाय वाचेल, नाही तर गुडघ्याखाली कापावा लागेल, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. मग कपाटातून पिवळा डबा काढला. बटणावर मराठीत ‘ओढ’ लिहिलेला! मला इतकं भरून आलं अण्णा, की आधी मी डब्यावरूनच हात फिरवला.

"हे माझ्या वडिलांनी बनवलंय," मी म्हटलं.

"मग तुम्हाला काळजी कसली?" डॉक्टर हसले.

काल मशीन लागलं. जखमेत स्पंज, त्यावर काचेसारखा आरपार दिसणारा चिकट पडदा, पडद्यातून नळी. मशीन सुरू झालं, आतली घाण नळीतून यायला लागली, स्पंज आक्रसला. ओढ बसली. मी निवांत झाले.

आज सकाळी सिस्टर आल्या तर मशीन बंद. आईनेच बंद केलं होतं! नुसतं मशीन नाही, ओढ सुटली की वाजतो तो भोंगा आधी बंद केला, मग मशीन. तो भोंगा कुठून बंद होतो हे दवाखान्यातल्या लोकांना शोधावं लागतं. आईला कोण शिकवणार? ओट्याशेजारी बसून तिने असे किती डबे जोडलेत. ओढ नसताना ओला स्पंज जखमेत ठेवणं म्हणजे जंतूंना पाट मांडून जेवायला बसवणं. डॉक्टरांना सगळं उपसून काढावं लागलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"मावशी, असं करणार असाल तर मी हात टेकले. दुपारी येतो. तोवर काय ते नक्की करा."

"माले नको ते मशीन," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पाय मना शे."

पाय माझा आहे, म्हणे! तिची कळवणची अहिराणी बाहेर आली की पुढे कुणाचं काही चालत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच तेव्हा चप्पल घालून शेडमध्ये निघून जायचात. मी कुठे जाऊ? मी तिला समजावलं, मग रागावले, मग चक्क रडले. शेवटी म्हटलं, "त्यांनी उभं आयुष्य ज्याच्यावर घालवलं, ते तुला नकोसं झालं? इतकं काय वाकडं होतं तुमचं?"

तेव्हा ती बोलली, अण्णा. आणि आता मला तुमच्याशी बोलायचंय.

तुमच्या उजव्या हाताबद्दल.

अंबडला घराशेजारच्याच शेडमध्ये तुम्ही पाण्यातून हायड्रोजन काढायचात. दिवसा सोलरवर बनवून टाकीत साठवायचा आणि लाइट गेली की त्याच्यावर पुन्हा वीज करायची. हरसूलच्या बाजूला एका दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीतला दिवा त्यावर लागला, तेव्हा तुम्ही घरी पेढे आणले होते आणि ते शेजाऱ्यांना कशाबद्दल म्हणून वाटायचे हे आईला सांगताच येईना! पण हायड्रोजन म्हणजे महा पळपुटा. "फट दिसली की हा गेला," तुम्ही म्हणायचात. त्याला वास नाही, रंग नाही आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्योतही दिसत नाही. म्हणून पाइपाजवळ जाताना तुम्ही केरसुणी पुढे धरायचात. कुठे न दिसणारी आग असली तर आधी केरसुणी पेटेल आणि मागचा माणूस वाचेल. मी शाळेत हे सांगितलं तर मैत्रिणी हसल्या होत्या.

तुमच्या हाताचं झालं त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आईने नवी केरसुणी आणली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी शेडमधली जुनी झिजली म्हणून तुम्ही तीच नवी उचलून घेऊन गेलात. हळदीकुंकवासकट! तुम्हाला देवादिकांचं भान कधी होतं?

तुम्ही जेवायला घरी आलात आणि पान वाढून आई शेडमध्ये गेली. पूजलेली लक्ष्मी आज हे जाळणार, या विचाराने तिला घास जाईना. तिने खिळ्यावरची केरसुणी काढली, पदराखाली धरून घरी आणली आणि देवघरामागे ठेवली. बस्स, एवढंच केलं तिने.

तुम्ही परत गेलात. पाइपाच्या सांध्यातून आवाज येत होता. केरसुणी शोधलीत, सापडली नाही. दुपारचं ऊन शेडमध्ये आलेलं. वाल्व बंद करायला तुम्ही हात पुढे केलात.

बाकीचं मला आठवतं. कोपरापर्यंतचं बँडेज आठवतं. ड्रेसिंग बदलायचं म्हटलं की तुम्ही आम्हाला बाहेर घालवायचात, तरी तुमचा आवाज दाराबाहेर यायचा. मांडीची कातडी काढून हातावर लावली. पुढे तुम्ही म्हणालात, रोज रोज पट्टी ओरबाडून काढण्यापेक्षा जखम एकदाच बंद करावी आणि आतली घाण ओढून घ्यावी. जगात असं मशीन आहे, मग आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांना परवडेल असं का नसावं? हायड्रोजन कोंडायला शिकलेल्या माणसाला जखमेवरचा पडदा हवाबंद करणं काय अवघड! सगळे म्हणायचे, बघा, जळलेल्या हातातून केवढं काम उभं राहिलं.

सगळे म्हणायचे तेव्हा आई काय करत असेल, हा विचार तुमच्या मनात कधी आला?

"त्यांचा हात मी जाळला," आज ती मला म्हणाली. "त्या हातातून निघालेलं मशीन माझ्या पायाला कशाला? जातोय तो पाय जाऊ दे. फिटेल."

फिटेल! अण्णा, पाय देऊन फेडायचं असं तिने मनाशी ठरवून टाकलंय. अपघातानंतर तिने शेडचा उंबरठा ओलांडला नाही. आम्हाला वाटायचं भीती बसली. स्पंज कापायची, नळ्या जोडायची, पण ते सगळं घरी, ओट्याशेजारी. एवढी वर्षं ती तुम्हाला ताटात वाढत होती, तुम्ही आखडलेल्या बोटांनी घास उचलत होतात आणि ती ते बघत होती.

आणि तुम्हाला माहीत होतं!

नाही म्हणू नका. पुढच्या दिवाळीला रविवार कारंज्याच्या बाजारात स्कूटरवरून तुम्ही मलाच नेलं होतं. केरसुण्या विकणाऱ्या बाईला तुम्ही म्हणालात, "दोन द्या. एक पूजेची, एक जाळायची."

"आवो, असं बोलू नाय! लक्ष्मी हाय ती," ती बाई केवढी खवळली.

"म्हणून तर दोन घेतो, बाई. पूजलेली केरसुणी घरचं माणूस राखणारच. चूक तिची नाही, माझी आहे. मीच एकीत भागवायला बघत होतो."

मग दुसरी केरसुणी तुम्ही परस्पर शेडमध्ये नेऊन टांगलीत. मला दटावलंत, घरी एकच दाखवायची. मला वाटलं, तुमची काहीतरी गंमत चाललीय. दरवर्षी तसंच केलंत. दोन बघून तिला लागेल, म्हणून लपवलीत ना? तिला जपायला गेलात आणि तिला एकटीला त्या दुपारी सोडून दिलंत. आयुष्यभर गळत्या शोधल्यात. साबणाचा फेस लावून, कान लावून, कुठे सुईच्या टोकाएवढी फट राहू दिली नाहीत. पण तुमच्या पोटातून हे एक वाक्य गळलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता मी आत जाऊन तिला हे सांगणार आहे. ती काय करेल मला माहीत नाही. "त्यांना माहीत होतं आणि तरी ते गप्प राहिले," म्हणून आणखी खचली तर? डॉक्टर यायची वेळ होत आलीय.

जाते.

*

अण्णा, राउंड झाला.

मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. रविवार कारंजा, ती बाई, दोन केरसुण्या, तुमचं वाक्य जसंच्या तसं. तिने तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, गेलं सगळं हातातून.

"त्यास्ले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो, आई."

आणि ती भडकली! रडली नाही, भडकली. "मग बोलायला काय झालं होतं त्यांना? पडदा चिकटवायचा तो तोंडाला चिकटवला होता का? मी रोज देवापुढं नाक घासतेय आणि हे केरसुण्या लपवत हिंडतायत! येऊ दे त्यांना समोर..." मग तिला आठवलं की तुम्ही येणार नाही. तेव्हा रडली. मी अडवलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा ती डोळे पुसत होती. त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "लावा. ह्या वेळी मी हात लावणार नाही."

पुन्हा स्पंज, पुन्हा पडदा, पुन्हा नळी. मशीन सुरू झालं आणि भोंगा वाजायला लागला. कुठूनतरी हवा शिरत होती. ओढ बसेना. डॉक्टरांनी कडा दाबल्या, सिस्टरनी दुसरी पट्टी लावली, तरी भोंगा थांबेना. मग मी तुमचंच केलं. पाइपाला लावायचात तसा खाली वाकून आईच्या टाचेला कान लावला. अगदी बारीक फुसफुस येत होती. पडद्याला तिथे एक घडी पडली होती. बोटाने दाबून धरली, सिस्टरनी वरून पट्टी मारली आणि भोंगा बंद झाला. स्पंज आक्रसत गेला.

माझं डोकं अजून तिच्या पायावरच होतं. वरून तिचा हात आला.

"नमस्कार झाला असेल तर ऊठ आता," ती म्हणाली. "ओढ बसली."

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. परवा पडदा काढतील. खाली लाल, ओलं मांस दिसलं तर पाय राहील. काळं दिसलं तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आई डब्याकडे टक लावून पडलीय आणि तो मधून मधून गुरगुरतोय. तिचं तुमच्याशी भांडण सुरू आहे, ओठ हलताना दिसतायत. तुम्ही आता निमूट ऐकून घ्या.

माझं भांडणही संपलेलं नाही. पण एक शब्द देते. या लक्ष्मीपूजनाला केरसुण्या मी आणेन, दोन, आणि दोन्ही राजरोस घरात येतील. पाटावर शेजारी शेजारी राहतील. पूजेचीला हळदकुंकू लागेल आणि जाळायचीलाही लागेल. मग जाळायची शेडमध्ये त्याच खिळ्यावर टांगायची. कोण टांगणार, असं मी आत्ता आईला विचारलं.

"मी," ती म्हणाली. "चालत जाईन."

चालत हा शब्द तिचा आहे अण्णा, मी तो तिच्या तोंडी घातलेला नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मुक्ता