चावी खिशातनं काढा

अब्बा,

ती केबल आज परत पाठवू नका. तिच्यात काही बिघाड न्हाई. विंझरच्या धनाजीकाकांच्या जीपमधला बिघाड शोधायला ती लावली, तरी आपल्या गॅरेजातला लॅपटॉप तीन दिवस जीपशी बोलत नव्हता, तो आज पहाटे बोलला. गाडीची चावी फिरवून समोरचे लाल दिवे लागले, तरच केबलला पलीकडून उत्तर येतं. आन् तुमी तर बॉनेट उघडायच्या आधी चावी काढून खिशात टाकता.

का टाकता, ते मला ठाऊक हाय. मी पाच वर्षांची असताना गाडीत बसून चावी फिरवली, आन् बॉनेटखाली काम करताना तुमचं बोट इंजिनच्या पंख्यात गेलं. तुमी मला एका शब्दानं बोलला न्हाईत. तेव्हापासून नुसती चावी खिशात ठेवायला लागलात.

काल मी "तुमाला हे जमायचं न्हाई" म्हणाले, ते माझ्या तोंडून निघायला नको होतं.

धनाजीकाका अकराला येतील. केबल लावून लाल दिवे लागेपर्यंतच चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. काम झालं की लगेच बंद करा, न्हाईतर बॅटरी उतरेल. चहा थर्मासमध्ये हाय. मी सातच्या एसटीनं परीक्षेला जाते.

तुमच्या शर्टातली चावी न विचारता घेतली. पण फिरवायच्या आधी घरात येऊन बघून गेले. तुमी झोपला होता. दोनी हात पांघरुणात होते.

गुलफशा