गोड भरून आलेला डबा

आई, काल डबा परत आला आणि त्यात संदेश होते, इथले ते छेन्याचे पेढे. केशराचे, चांगल्या दुकानातले, वर पिस्त्याचे काप. तुझ्या दुपारच्या खोलीतल्या एका पोरीनं तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मासिमा, आईनं दिलेत. बाकीच्या पोरी तुटून पडणार तेवढ्यात मी झाकण दाबून लावलं आणि उगाच खेकसले, आधी हात धुऊन या म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, कशाला ओरडतेस गं लेकरांवर. कारण माहीत असूनही म्हणाली असतीस, मला पक्कं ठाऊक आहे.

बेहालातली ती खोली अजून आहे. बाबांची बँकेतून इकडे बंगालात बदली झाली, परत जायचं राहूनच गेलं, आणि तू महाराष्ट्र मंडळातल्या दोन-चार बायकांना हाताशी धरून ती सुरू केलीस. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांच्या मुलींनी शाळा सुटल्यावर तिथे यायचं, गरम जेवायचं, अभ्यास करायचा, आणि जाताना घरच्यांसाठी डबा न्यायचा. न्यू टाउनचं ऑफिस सांभाळून आता मीच ती चालवते. शिवणयंत्रं आलीत, एक कॉम्प्युटर आलाय, पण डब्याची पद्धत तीच. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आपलं घरचं वळण तू इथल्या बायकांनाही लावलंस. नुसतं घेतल्याचा संकोच वाटू नये त्यांना, एवढाच तुझा हेतू. मग मूठभर मुरी यायची, म्हणजे आपले चुरमुरे, वर एखादी हिरवी मिरची. कधी गंधराज लिंबू, लक्ष्मीपूजेला नारळाचा लाडू. पुढे पुढे तुला डबा उघडूनच घर कळायला लागलं. सादळलेली मुरी आली की संध्याकाळी तू पिशवी घेऊन त्या घरी हजर.

आणि तरी त्या दिवशी तुला कळलं नाही. कसं कळणार म्हणा! माझ्या वेण्या घालायची ती उंच मुलगी, तिच्या डब्यात संदेश आले, आणि आपण मराठी माणसं, पेढे आले म्हणजे आनंदाची बातमी, यापलीकडे आपली अक्कल धावतच नाही. तू विचारलंस, काय गं, कशाबद्दल? ती म्हणते, ओळखीचे काका दिल्लीला काम लावून देणार आहेत. तू तिच्या हातावर साखर ठेवतेस, पाठीवरून हात फिरवतेस, आणि आम्ही सगळ्या संदेश खातो. गोड तोंड केल्यावर आणखी खोदून विचारणं तुला बरं दिसलं नसावं. नंतर काकांचा पत्ता खोटा निघाला. तू पोलिस चौकीच्या पायऱ्या झिजवल्यास, पदर खोचून दिल्लीला जाऊन आलीस, आणि ती सापडली नाही. तेव्हापासून तू गोडाला हात लावला नाहीस. लोकांना सांगायचीस, साखर वाढलीय. तुला कधीच साखर नव्हती, आई.

काल त्या पोरीला बाजूला घेतलं. पंधरा वर्षांची आहे, बाप नाही, आई सकाळ-संध्याकाळ लोकांच्या घरी स्वयंपाक करते. घरी एक काका येतात म्हणाली. ते मुंबईत पार्लरचं काम शिकवायला नेणार आहेत, उद्या, म्हणजे आज, रात्रीची गाडी आहे. मग माझ्या मांडीला मांडी लावून बसली आणि लाडात आली. तिकडे तुमची भाषा बोलतात ना मासिमा, एखादं वाक्य शिकवा की मला. कधी नव्हे ते कुणीतरी माझ्याकडे मराठी शिकायला आलं होतं! आणि मला सुचलं काय, तर एकच वाक्य. मला घरी जायचंय. तिनं ते हसत हसत, बंगाली वळणानं, पुन्हा पुन्हा घोकलं. मला अजून ऐकू येतंय ते.

चौकीवर गेले तर तिथला साहेब म्हणाला, संदेश पाठवले म्हणून कुणाला आत टाकू? मुलांच्या हेल्पलाइनवाल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. उद्या संध्याकाळपर्यंत येतो म्हणाल्या, तोवर मुलीला नजरेआड होऊ देऊ नका. नजरेआड! मी काय तिच्या दाराशी खाट टाकू? शेवटी तो डबा उचलला आणि तसाच भरलेला घेऊन तिच्या घरी गेले. कुणी दिलेलं गोड परत नेऊन देणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखंच, तू मला जन्मात करू दिलं नसतंस. तिची आई भात वेळत होती. काका पलंगावर बसले होते. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, उठून नमस्कार केला, तुमच्या संस्थेबद्दल फार ऐकलंय म्हणाले. मी डबा तिच्या आईच्या हातात दिला. तिनं झाकण काढलं आणि बघतच राहिली. एकही कमी झालेला नव्हता.

“माझ्या आईनं एकदा हे ठेवून घेतले होते,” मी म्हटलं. “ती मुलगी परत आली नाही.”

काका हसले. तिची आई हसली नाही. मी निघाले तर ते कोपऱ्यापर्यंत सोबत आले, ऑटो थांबवून दिली, आणि वाकून अगदी अदबीनं म्हणाले, “दीदी, तुमची खोली कुठे आहे ते मला माहीत आहे.”

आज ऑफिसला दांडी मारून जेवणाच्या वेळेपासून इथे बसलेय. पोरी आल्या, जेवल्या, पाढे म्हणून झाले, आणि हिचा पत्ता नाही. वाट बघवेना म्हणून तुला लिहायला घेतलं. दारात पाऊल वाजलं की लिहिणं थांबवून तिकडे बघते. मघाशी असंच वाजलं आणि पाहते तर ती, तिच्यामागे तिची आई, कामावर न जाता आलेली. हिला इथेच ठेवा, एवढंच म्हणाली आणि डबा पुढे केला. मी झाकण उघडलं. मूठभर मुरी, वर एक हिरवी मिरची. मी रडले गं, सगळ्या पोरींसमोर.

हेल्पलाइनची माणसं निघालीत, वाटेत आहेत. समोरच्या चहाच्या टपरीवर काका उभे आहेत. मघाशी मी खिडकीतून पाहिलं तर ओळखीचं हसून त्यांनी हात हलवला. आज ना उद्या ते दुसऱ्या कुठल्या घरी जातील, आणि तिथला डबा आपल्याकडे येत नसेल. मी आतून कडी घातलीय. पोरगी माझ्याशेजारी बसून मुरी खातेय.

हा कागद शिवणयंत्राच्या खणात ठेवून देईन, आणखी कुठे ठेवणार! फक्त एक तुला कधी सांगितलं नाही. तू गोड सोडलंस तेव्हा मी सोडलं नाही. त्या दिवशीचा तो संदेश फार छान होता, आई. तेवढा चांगला मी पुन्हा कधी खाल्ला नाही.