नदीकाठच्या बंगल्याची बाग

जानेफळ,
१० नोव्हेंबर २०२४

चि. केसरबाईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

मी बरा आहे. कान मात्र पार गेले. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती भुणभुण ऐकू येते, म्हणून आता कागदच बरा.

मेहकरच्या पलीकडचा, नदीकाठचा तो इंग्रजांच्या वेळचा बंगला आठवतो? लहानपणी आपण तारेला नाक लावून त्याची बाग पाहायचो आणि माळी हाकलायचा. आता तो दर रविवारी सगळ्यांना खुला असतो म्हणे. तू ये. आपण दोघं फाटकातून रुबाबात आत जाऊ, लिंबाखाली बसून भाकरी-ठेचा खाऊ.

तुझी वहिनी गेल्याला वर्ष होत आलं. एकट्यापुरता भात टाकताना अजून हात अडतो. लवकर ये.

माया राहू द्यावी.
तुझा दादा,
गुलाबराव

शेगाव,
२६ नोव्हेंबर २०२४

आद. दादास,
धाकट्या बहिणीचा जय भीम, वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. कोणतं लुगडं नेसायचं तेसुद्धा ठरवून टाकलं. सुवर्णा हसली, म्हणाली, सासूबाई लग्नाला निघाल्या जणू. पण सध्या गुडघे धरलेत आणि नातवाची परीक्षाही आहे. प्रसेनजित आणि सुवर्णा नोकरीवर जातात, मग दिवसभर मी आणि भिंती.

बागेत गुलाब आहेत का अजून? मी कसं यायचं ते तू कळव.

आठवण ठेवावी.
तुझी केसर

जानेफळ,
१५ डिसेंबर २०२४

चि. केसरबाईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

कसं यायचं म्हणजे काय? खामगावला गाडी बदल आणि मेहकरची बस धर, ती आपल्या गावावरूनच जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे. जन्मभर आलीस, आता रस्ता विसरलीस?

गेले दोन रविवार मी स्टँडवर जाऊन बसलो. खामगावची गाडी आली की उठायचो. कंडक्टर विचारू लागला, गुरुजी, कोणाची वाट पाहता? मी म्हटलं, कोणाची नाही. यायचं नसेल तर सरळ लिही. मास्तर माणूस आहे, नापास झालेलं पचवता येतं मला.

राग नसावा.
तुझा दादा,
गुलाबराव

शेगाव,
२ जानेवारी २०२५

आद. दादास,
जय भीम, वि. वि.

दादा, मी कधीच एकटी आले नाही. दरवेळी वहिनी मला न्यायला मुराळी पाठवायची. कधी तिचा भाऊ यायचा, कधी पुतण्या, कोणी नसलं तर ती स्वतः चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी राहायची. तू शाळेत असायचास. संध्याकाळी घरी आलास की मी चुलीपाशी बसलेली दिसायची तुला.

ती गेली आणि न्यायला येणारं कोणी उरलं नाही. गुडघे बरे आहेत. नातवाची परीक्षाही केव्हाच संपली. सत्तरी आली तरी माहेरचं माणूस आल्याशिवाय उंबरा ओलांडवत नाही, बिनबोलावलं गेल्यासारखं वाटतं. सुनेला सांगायची लाज वाटते. तुला आपल्याच बोलीत विचारते, दादा, मले घ्याले तू काऊन नाही आला?

तुझी केसर

जानेफळ,
१२ जानेवारी २०२५

केसर,

जय भीम. पत्र पोचलं.

काल बंगल्यावर जाऊन आलो. दुरुस्ती निघाली आहे, पावसाळ्यापर्यंत फाटक बंद. राखणदार राजकुमारनं बाहेरूनच दाखवलं. गुलाब नाहीत, सगळीकडे खडीचे ढीग आहेत. आधी वाटलं, तुला कळवूच नये, तुझ्या येण्याचं निमित्त जाईल. मग माझीच मला चीड आली. बाग दाखवायची नव्हतीच मला. घरात कोणीतरी दुसरं खोकावं, भांडं आपटावं, मला बहिरा म्हणून ओरडावं, एवढंच हवं होतं.

२१ तारखेला, मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तुला न्यायला येतो. मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा मी दारात हाक मारली की आतून ओ देऊ नकोस. बाहेर येऊन उभी राहा.

तुझा दादा