गॅस्केटची वामकुक्षी

निमगाव सावा,
मंगळवार सकाळ

श्रीयुत व्याही कुंडलिकराव यांना भिमाजीचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंनाही आम्हां दोघांचा नमस्कार सांगावा. आपला गुडघा आता वाकतो का? शिनोलीची हवा दमट, त्यात आपलं दिवसभर पिठाच्या गिरणीत उभं राहणं, तेव्हा जपावं. इकडे आमची ठकूबाई ठणठणीत आहे, चि. भरत चाकणच्या कंपनीतून दर शनिवारी घरी येतो, आणि आपली तेजस्विनी आमच्याकडे सुखात आहे. खुशाल नाही तो मी एकटा. ताप-खोकला काही नाही, पण परवा रविवारी मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही, आणि तो ज्याच्यापुढे उघड करावा असा माणूस या गावात उरला नाही. (फोन केला असता. पण कालव्यावर बत्तीस वर्षं नोकरी झाल्यामुळे मी फोनवरसुद्धा पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसा बोलतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.)

माझी मोटारसायकल आपण लग्नात पाहिली असेल. पाहिली नसली तरी ऐकली असेलच. इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी जिथे इंजिनाला जोडलेली असते तिथे बांगडीएवढंही नाही असं एक तांब्याचं कडं असतं, त्याला गॅस्केट म्हणतात. ते झिजलं की सायलेन्सर असून नसल्यासारखा होतो. माझं झिजलं होतं. मी वेशीजवळ आलो की घरात चहाचं आधण चढायचं, इतका तो आवाज उपयोगाचा होता; पण शेजारच्या गोरखची म्हैस पान्हा चोरायला लागली. तो एके दिवशी दारात येऊन म्हणाला, "नाना, एक तर गॅस्केट बदला, न्हाईतर रस्ता बदला." आता आळेफाट्याला नेऊन कोणाही मिस्त्रीकडून हे काम झालं असतं. पण मिस्त्री म्हणाला, गाडी दोन दिवस ठेवून जा. ज्या माणसाने कालव्याचे गंजलेले दरवाजे एकट्याने वर उचलले त्याने एका कड्यासाठी दोन दिवस पायी फिरावं? मी तिथल्याच दुकानातून गॅस्केट मागितलं. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी म्हणालो, मी. त्याने लगेच आणखी एक गॅस्केट पुडीत टाकलं. मी म्हणालो, गाडीला एकच लागतं. तो म्हणाला, "एक बसवायला, एक बिघडवायला." व्याही, गिऱ्हाईकाशी बोलायची ही रीत झाली का?

गेल्या सोमवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसलो. तेजस्विनी ओट्यावर वाल सोलत होती. ती म्हणाली, "नाना, मी बघू का जरा?" मी म्हणालो, तू चहाचं बघ. (हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे, कारण परवापासून ते मला टोचतं आहे.) नळी दोन नटांनी आवळलेली असते. पहिला नट दहा मिनिटांत निघाला. दुसऱ्याने दीड तास घेतला आणि निघेपर्यंत माझ्या दहा नंबरच्या पान्याचं तोंड असं वासलं की त्यात बारा नंबरचा नटही बसावा. नळी ओढून काढली आणि भोकात पाहतो तर आत गॅस्केट नाहीच! मला वाटलं, झिजून झिजून संपलं बिचारं. नवीन लावलं, एक नट पिळून घट्ट केला, मग दुसरा पिळून घट्ट केला आणि किक मारली. कुंडलिकराव, आधी गाडी नुसती फाटफाट करत होती, आता ती फाटफाट करून वर शिट्टीही वाजवायला लागली. कोंबड्या छपरावर गेल्या. ठकूबाई आतून म्हणाली, "आवो, व्हतं ते बरं व्हतं की!" मी हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आतल्या खोलीत पंखा लावला आणि दोन तास झोपलो.

उठून बाहेर आलो, आता आळेफाट्यालाच न्यावी लागणार म्हणून किक मारली, तर गाडी चालू झाली आहे की नाही हे मला हात लावून पाहावं लागलं! इतकी शांत! मांजर घुरघुरावं तशी. मग मी बसून विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की यामागे शास्त्र आहे. गॅस्केट तापतं, मग निवतं, निवताना अंग सोडतं आणि आपल्या जागी पसरतं. म्हणजे गॅस्केट बसवल्यावर त्याला दोन तास विश्रांती द्यावी लागते, जी मिस्त्री लोक घाईपायी देत नाहीत. पुडीतलं दुसरं गॅस्केट काही सापडेना. ते ठकूबाईने केराबरोबर टाकलं असं मी ठरवलं आणि तिला चार शब्दही ऐकवले. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी हे शास्त्र सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते. गोरखने तर दोनदा विचारलं, "नाना, म्हंजे गॅस्केटनं बी दुपारचं झोपायचं?" मी म्हणालो, हो, डाव्या कुशीवर. आठवडाभरात आमच्या अंगणात चार मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या. एकीचं गॅस्केट, एकीचा क्लच, दोघींचं काय ते त्यांनाच ठाऊक. मी सगळ्यांना सांगितलं, गाड्यांना आधी थोडा आराम पडू दे.

आता परवाचं. रविवारी मी ओतूरहून परत आलो. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे मी आल्याचं घरात कोणाला कळलंच नाही. दारात गाडी लावली, चपला काढल्या, तोच आतून ठकूबाईचा आवाज आला. "अगं पण सांगून टाक की येकदाचं. त्या चार गाड्यांचं काय करणार हायेत ते?" आणि आपली तेजस्विनी म्हणाली, "नको आत्या. नाना लई खुश आहेत. मी दुपारी ते झोपले की एकेक करीन." मग ठकूबाई हसून म्हणाली, "त्या दिशी तू ते जुनं कडं खिळ्यानं उचकटून काडलंस, तवा मला वाटलं आता इंजानच फुटतंय."

व्याही, मी उंबऱ्याबाहेर उभा होतो तो तिथेच खाली बसलो. जुनं गॅस्केट आतच होतं! ते दबून दबून इंजिनाच्या अंगासारखं झालेलं, म्हणून मला दिसलं नाही, आणि मी त्याच्या डोक्यावर नवीन बसवलं. पोरीने मी झोपल्यावर जुनं काढलं, पुडीतलं दुसरं नवं बसवलं, दोन्ही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले, आणि गाडी जशीच्या तशी पोत्याजवळ उभी करून वाल सोलायला बसली असणार. मग मला आठवलं. लग्नाच्या बैठकीत आपण म्हणाला होतात, "पोरीला गिरणीचं सगळं येतं." मी समजलो, ज्वारी तोलता येते. आपण गिरणीच्या इंजिनाचं सांगत होतात हे मला आज दीड वर्षाने कळतं आहे. आपण जरा सविस्तर बोलायला हवं होतं.

पुढे मी काय केलं तेही सांगतो, कारण आपल्यापाशी लपवून काय करू? मी चपला हातात घेतल्या, गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, चालू केली आणि हॉर्न वाजवत परत आलो. जेवताना तेजस्विनीने विचारलं, "नाना, गाडी कशी चालते?" मी म्हणालो, झकास. मला राग यायला हवा होता, तो येईना, याचाच मला जास्त धक्का बसला. ज्या पोरीला मी चहाला पिटाळलं तिने माझी अब्रू झाकली, आणि मी पारावर बसून गॅस्केटला झोपवत होतो.

असो. माणसाला एवढा मोठा धक्का पेलतो हेही नवलच. विहीणबाईंना यातलं काही सांगू नये. आपल्या गुडघ्याला एरंडेल चोळत जावं.

आपला,
भिमाजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तेजस्विनी येत्या सोमवारी आपल्याकडे आठ दिवसांसाठी येते आहे. तिला काही निमित्त काढून बुधवारीच परत पाठवावं. चार गाड्या अंगणात आहेत आणि त्यांतली एक आरोग्यसेविका उज्ज्वलाबाईंची आहे, ती बाई रोज फाटकातून "झाली का विश्रांती?" विचारते. मला सगळं माहीत आहे हे पोरीला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो तर वाटेत गोरख भेटला. माझ्याने राहवलं नाही, खरं काय ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाना, आमाला ठावं व्हतं. वहिनी अन् काकी त्या दुपारी गाडी ढकलत माझ्याच वाड्यात घिऊन आल्या, तुमची झोप मोडाया नको म्हून. पाना माझाच व्हता." मी विचारलं, मग पारावर? तो म्हणाला, "सगळ्यांलाच ठावं व्हतं. पण तुमी लई जीव तोडून सांगत व्हता, राव. मन मोडवंना." आणि त्या चार गाड्या? "त्या वहिनीसाठीच लावल्यात." कुंडलिकराव, अख्खं गाव आठवडाभर माझ्यासमोर बसून माना डोलावत होतं! मी पाकीट फोडून हे लिहितो आहे.

ता. क. तिसरा. घरी येऊन पोरीशी सरळ बोललो. ती आधी रडली, मग हसली, मग तिने माझ्या पान्यांकडे बघून तोंड वाकडं केलं. तेव्हा वरचा पहिला ता. क. रद्द समजावा. तिला आठ दिवस राहू द्यावं, उज्ज्वलाबाईंची गाडी तिने आजच करून दिली, बाकीचे थांबायला तयार आहेत. मात्र येताना तिच्याबरोबर गिरणीतल्या पान्यांचा एक चांगला संच द्यावा, नाही म्हणू नये; ओट्याशेजारी पत्रे टाकून मी तिला जागा करून देतो आहे. मला सध्या नट डिझेलमध्ये बुडवून घासायचं काम मिळालं आहे आणि त्यातही ती दोनदा चुका काढून गेली. कागदाच्या कडेला काळे डाग दिसतील, ते शाईचे नाहीत.