कडी आमच्या बाजूला

२ एप्रिल १९८०
रीडवांगला पोचलो. स्टेशनातच वर खोली मिळाली, शेगडी चांगली आहे, खिडकीतून ऱ्हाईन दिसते. गाव आपलं, स्वित्झर्लंडचं. स्टेशन मात्र पलीकडचे जर्मन चालवतात. रूळ त्यांचे, तिकिटं त्यांची, घड्याळही त्यांचंच. फलाटावरून गावात यायला एकच दार, आणि त्याची कडी आमच्या बाजूला. गाडी आली की कडी काढायची, माणसं आत आली की लावायची, एवढंच माझं काम. अडुसष्टाव्या वर्षी आणखी काय हवं? हात थरथरतात, पण कडीपुरते चालतात. जकातीचा शिपाई कास्पार याने आल्या आल्या सॉसेज खाऊ घातलं. म्हणाला, म्हातारबा, इथे चुकलं तर जर्मनांचं, बरोबर आलं तर आपलं.

आनेलीला पत्र टाकलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या या पोरीने जर्मन माणसाशी लग्न केलं. दोघं भेटायला आली तेव्हा मी दार उघडलं नव्हतं. आता उघडीन, एवढंच लिहिलं.

६ एप्रिल, ईस्टर
जर्मनांनी उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे केलं. आपल्या सरकारने नाही केलं. स्टेशनात चार वाजतात तेव्हा गावच्या चर्चवर तीन. मला वजाबाकी कधी धड आली नाही. चुकेल म्हणून पाटीवर खडूने मांडून ठेवली. कास्पार हसला. म्हणाला, जर्मनीत मरू नकोस, तासभर आधी जाशील.

८ एप्रिल
चार दहाची गाडी आली, गेली. कडी लावली. तासाभराने चर्चवर चार दहा झाले आणि दारावर टकटक. उघडलं तर फलाट रिकामा. दाराला बाहेरून, खाली, गुडघ्याच्या उंचीवर ओरखडे. जुने असतील. पण खाली पडलेला भुसा ताजा होता.

९ एप्रिल
पुन्हा. भर उन्हात. बाईचा आवाज. म्हणत होती, मला नको, पोरांना तेवढं आत घ्या. कास्पार शेजारी कॉफी पीत होता, त्याने मान वर केली नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून ज्यू लोक याच गाडीने पळून यायचे. तेव्हा तो नोकरीत नवा होता. दार उघडायचा हुकूम नव्हता. परतीच्या गाडीने त्यांना नेत. कुठे, ते कोणी विचारलं नाही. आजवर दोन्ही घड्याळं सारखी होती, खरी गाडीही याच वेळेला यायची, तिच्या गलक्यात हे ऐकू यायचं नाही. स्टेशन त्यांचं म्हातारबा, पाप त्यांचं, म्हणाला. मी म्हटलं, कडी आपल्या बाजूला आहे. तो म्हणाला, कॉफी निवतेय तुझी.

११ एप्रिल
झोप नाही. आनेलीचं पत्र आलं. शनिवारी चार दहाला येते, या खेपेला दार उघडं ठेवा. कुठल्या घड्याळाचे चार दहा, ते लिहिलं नाही. कास्पारने बजावलं, गावच्या चार दहाला उघडायचं नाही. उंबरा ओलांडलास तर मी कडी लावीन. तुझ्यावर राग नाही, पण लावीन.

१२ एप्रिल, शनिवार
जर्मन चार दहाच्या गाडीत ती नव्हती. वजाबाकी पुन्हा मांडली. थांबलो.

गावचे चार दहा. टकटक. बाबा— स्पष्ट ऐकलं. बाबा, उघडा ना. त्या दिवशीसारखंच.

उघडलं. फलाटाच्या टोकाला पाठमोरी, तिचा निळा कोट. पुढे झालो. मागे कडी पडली.

रोजनिशी खिशात होती. फलाटावर लिहितोय. ती आनेली नव्हे. इथे खूप माणसं आहेत. मला सरकून जागा दिली. एका बाईने कडेवरचं मूल माझ्याकडे दिलं. गार आहे ते—

आत आनेली, दाराआडून आवाज येतोय. खरी. गाडी चुकली, नवऱ्याने मोटारीने पुलावरून गावात सोडलं, असं सांगतेय. बाबा कुठे विचारतेय. कास्पार म्हणतो, येतील, बस, कॉफी घे.

मी दार ठोठावतोय. ती म्हणाली, कोणीतरी आहे. तो म्हणाला, जर्मनांचं आहे ते, लक्ष देऊ नकोस.

परतीच्या गाडीची शिट्टी.

ती दाराशी आली. श्वास ऐकू येतोय तिचा. आनेली, मी आहे. कडी तुझ्या बाजूला—