मनुताईस, नाव बदलण्यासंबंधी

दिवेआगर, मंगळवार

तीर्थस्वरूप मनुताईस, धाकट्या रावजीचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मलम लावतेस की कपाटात जपून ठेवतेस? बाळाजी भावोजींनी उन्हातान्हात माणगावचा बाजार पालथा घालू नये, असं माझ्यातर्फे बजाव (ऐकणार नाहीत, तरी बजाव). इकडे सगळं छान चाललंय. वादळानंतर लावलेल्या माडांना यंदा शहाळी धरली. सगुणा रोज एकदा माडाखाली जाऊन वर बघून येते.

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडतोय. तुझा निरोप पोचला. माझ्या शुभमच्या नवरीचं नाव ताटातल्या तांदळात बदललं नाही, तर तू लग्नाला पाऊल टाकणार नाहीस. ताई, तू नसलीस तर त्या दिवशी मला घास उतरायचा नाही. तू काढलेलं ‘रुचिका’ हे नाव गोडच आहे, पण साक्षी म्हणते, आहे तेच राहू दे. तुम्हा दोघींच्या मध्ये माझी अडकित्त्यातली सुपारी झालीय. पण या विषयावर आज मी एक अक्षर लिहिणार नाही. आज सर्व्हरचं लिहितो.

शुभमने जेवणघराच्या फडताळात एक यंत्र बसवलंय, फरसाणाच्या डब्याएवढं. त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे खोल्या घेऊन राहणाऱ्या पाहुण्यांचा फोन त्याला हव्या त्या साइटचं नाव सांगतो आणि तो पत्ता सांगतो, थांब्यावरचा आपला धर्माजी सांगतो तसा (फरक इतकाच की सर्व्हर आधी तंबाखू मागत नाही). घरातल्या यंत्रांची नावंही त्यात आहेत. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं ‘ऑफिस’, आणि खोलीतून मागवलेल्या जेवणाची चिठ्ठी जिथे निघते त्या सगुणाच्या शेगडीशेजारच्या प्रिंटरचं नाव शुभमने आपल्या आईवरून ठेवलं ‘आई’. वारा सुटून बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात ‘आई’ चालू राहावी म्हणून एवढा खटाटोप.

शुभम पनवेलला नोकरीवर, म्हणजे डबा माझ्या ताब्यात. मला कुठे स्वस्थ बसवतंय! सेटिंग उघडलं तर ‘रिकर्शन’ चालू. शुभम पूर्वी म्हणाला होता, डब्याला स्वतःला पत्ता माहीत नसेल तर तो बाहेर चार ठिकाणी विचारून आणून देतो, ते रिकर्शन. म्हटलं, आपल्या घरच्या यंत्राने दारोदार विचारत का हिंडावं? केलं बंद. झालं! घरात ‘ऑफिस’ आणि ‘आई’ सोडून जगच उरलं नाही. सगळे पाहुणे फोन उंच धरून वाडीत फिरायला लागले. शुभमला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये (लग्न ठरल्यापासून तो मीटिंगमध्येच असतो). मग साक्षीला लावला. ती नवी मुंबईत हेच काम करते. म्हणाली, “बाबा, चालू करा, पण फक्त घरात जोडलेल्यांसाठी. बाहेरच्या कोणीही आपल्या डब्याला राबवू नये.” (आत्तापासून बाबा म्हणते. खरं सांगतो, फार बरं वाटतं.)

तिथेच थांबलो असतो तर रावजी कसला! खाली ‘अपडेट’ दिसलं. डब्यातली नावनोंदणी कोणी बदलावी? कोणीच नाही, कोणीही, की ओळख पटलेल्यानेच? मी ‘कोणीही’ ठेवलं. आल्यागेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. शनिवारी पुण्याच्या विनिताबाई आल्या. त्यांच्या लॅपटॉपला त्यांच्या पोरांनी लाडाने नाव दिलेलं, ‘आई’. लॅपटॉप उंबरा ओलांडताच म्हणाला, मी आई. डबा म्हणाला, बरं. शेगडीजवळची आई जागच्या जागी पुसली गेली! पाहुणे सुरमई मागवतायत आणि प्रत्येकाच्या फोनवर येतंय, ‘आई सापडत नाही.’ इकडे सगुणा पाय पसरून म्हणतेय, “आज कोणाला भूक न्हाय वाटतं, एकादशी हाय का काय?” शेवटी एक भला पाहुणा धावत अंगणात आला, म्हणाला, “काका, तुमच्या आई सापडत नाहीयेत, विहिरीकडे बघितलंत का?” धर्माजी वाडीतच होता. तो लगेच विहिरीत वाकून हाका मारायला लागला. (आपल्या आईला खांदा दिलेला माणूस, ताई!)

साक्षीला पुन्हा फोन लावला, ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, “बाबा, तिसरा पर्याय ठेवा. ज्याचं नाव, त्याच्याकडेच त्याची चावी. दुसऱ्या कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी डबा नाव बदलणार नाही.” ठेवला, प्रिंटरला ‘आई’ नाव परत दिलं. विनिताबाईंचा लॅपटॉप अजून हट्टाने म्हणतो मी आई, डबा म्हणतो न्हाय. त्यावाचून बाईंचं काही अडलं नाही. दोनदा भात घेतला त्यांनी.

बाकी ठीक. वेळेवर जेव. भावोजींना नमस्कार, आणि तुझ्या रागाला जमेल तेवढी विश्रांती.

तुझाच,
रावजी

ता. क. : हा सर्व्हर मी तुला का ऐकवला, ते तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील. हळदीच्या आधीच ये. ताट तू मांड, तांदूळ तू पसर, अंगठी धरलेला शुभमचा हातही तूच धर, पण लिहायला लाव ‘साक्षी’. रीत नाव लिहायची आहे, नवंच लिहायची कुठे आहे?

ता. क. दुसरा : पत्रिका छापायला द्यायची आहे, आत्या म्हणून तुझं नाव सगळ्यांत वर. शुभम म्हणतो, सासरचं घाला. तुझंही तांदळात बदललं होतं हे आठवतं, पण काय ठेवलं ते आठवेना. तुमच्या आळीत चौकशी केली, सगळे मनुबाईच म्हणतात. शेवटी भावोजींना फोन केला. त्यांनी आधी आवाज खाली आणला. मग म्हणाले, “लक्ष्मीवरून काहीतरी होतं बघ. तिलाच विचार, पण मी विसरलो असं सांगू नकोस.” तेवढं कळव.